अबोलीची वाळली कणसं

इकडं ये गं शिवानी, जरा जवळ सरक. तू तिकडं नांदेडला विष्णुपुरीच्या होस्टेलात अन् मी इकडं उदगीरला न्हाणीमागच्या दगडावर कागद घेऊन बसलेली, हे मला माहीत आहे. तरी सरक. आधी रागावते, मग बोलते. फोन केला की तू मोजून-मापून बोलतेस. "हाव मोठीआई. जेवले मोठीआई. अभ्यास करून राहिले. आत्ता न्हाई, परीक्षा झाल्यावर येते." झालं. मी पुढं बोलायला तोंड उघडते तोवर तिकडून फोन बंद. अशानं कसं चालेल? मी तुझी सख्खी चुलती, तुझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यात तुला आधी माझ्याच हातात दिलं होतं, तुझी आई शुद्धीवर यायची होती. पाहुणी यावी तशी दोन वर्षांत दोनदा येतेस, ते पण बॅग न उघडता. माझ्याशी बोलताना घड्याळ बघतेस का काय कुणाला ठाऊक.

रागावून झालं. आता खरं काय ते सांगते. आज सकाळी गव्हाचा चीक घाटला. तुझी आई अन् मी, दोघीच. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या. सोऱ्या फिरवून फिरवून माझा दंड भरून आला, अन् चिकाचे हात धुवायला मी खाली न्हाणीमागं आले. तिथं अबोली आहे ना, तिच्यावरच हात धुवायची आपल्या घरची सवय. पाणी पडलं, मी पदराला हात पुसत होते, तेवढ्यात टक्. थोडं थांबून परत टक्. मग तीन-चार एकदम. वाळलेल्या कणसांतल्या शेंगा फुटत होत्या. एक बी उडून माझ्या पायावर बसलं, ओलं, चिकट. मी ते काढलं नाही, तशीच उभी राहिले.

वरून तुझी आई विचारती, "अक्का, काय झालं, येताय न्हवं? चीक गार होऊन राहिला."

मी म्हटलं, "सुनीता, शिवानी तीन वर्षांची होती तो उन्हाळा आठवला गं."

ती वर कठड्याशी आली. वाकून म्हणाली, "मी काय इसरलेय व्हय."

तर तो उन्हाळा मला आज तुला सांगायचाय. तुला त्यातलं काही आठवत नसणार. तुझंच सगळं, अन् तुलाच ठाऊक नाही, हे मला बरं वाटत नाही.

आधी झाडाचं ऐक. तू इंजिनेर होणार, तुला यंत्रं कळतात, पण रोज ज्याच्यावरून उडी मारून शाळेला गेलीस ते झाड तू नीट बघितलंयस का? गुडघ्याच्या वर जरासं, कंबरेला काही लागत नाही. पानं गडद हिरवी, तेल लावल्यासारखी, कडेला बारीक लाट मारलेली. शेंड्याला हिरवं कणीस येतं, चौकोनी, गव्हाच्या ओंबीसारखं दिसतं लांबून. त्या कणसातून फुलं निघतात, खालून वर. खालची ओळ फुलली, गळली, की वरची तयार. घाई नाही. फूलही कसं, तर पंख्यासारखं एकाच बाजूला पसरलेलं. दुसऱ्या बाजूला काही नाहीच. अर्धंच झालं अन् तेवढ्यावरच भागवून घेतलं म्हणावं असं. रंगाला तर तिचंच नाव पडलंय. साडीच्या दुकानात माणूस म्हणतो, "अबोलीत दाखवू का, मावशी?" केशरी म्हणावं तर ऊन जास्त होतं, गुलाबी म्हणावं तर लाज जास्त होते, अशा मधल्या जागेतला तो रंग. तुझ्या आईचा लग्नातला शालू त्याच रंगाचा आहे, ट्रंकेत बघ कधी.

वास मात्र नाही. नाक लावून बघ, कानाला लावून बघ, काही नाही. मोगऱ्याचं तसं नसतं. मोगरा माझ्यासारखा. घरात पाय ठेवायच्या आधी त्याचं बोलणं ओसरीवर ऐकू येतं. संध्याकाळभर बडबड करील अन् सकाळी पिवळा पडून बसेल. अबोलीची वेणी आज माळली तर उद्या तशीच, परवाही बरीचशी तशीच. लग्नाच्या गर्दीत, घामात, बसमध्ये, कुठंही. वास नाही म्हणून अबोली म्हणत असतील. कुणी ठेवलं हे नाव, मला काय माहीत. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, बाकी जे वाचायला शिकले ते दुकानात पुड्या बांधता बांधता, रद्दीच्या कागदांवरून. पण ज्यानं कुणी नाव ठेवलं, त्यानं हे झाड उन्हाळ्यात, ओल्या हातानं, बघितलं नसावं एवढं मला पक्कं वाटतं.

आपल्या घरी हे झाड अव्वानं आणलं. अव्वा म्हणजे तुझी आजी, माझी सासू. तिचं माहेर भालकीकडचं, तिकडं सगळं कानडी. सोयरीक जमली, उदगीरला दिली, अन् मराठीच्या घरात येऊन पडली. लग्नात कुणी भांडी आणतं, कुणी पेटी आणतं. अव्वानं म्हणे मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेलं एक रोप आणलं होतं, अन् सगळ्या वाटेत कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तिच्या बोलीत त्याला कनकांबर म्हणतात. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं तिनं ते लावलं, कारण उदगीरला उन्हाळ्यात झाडासाठी म्हणून वेगळं पाणी कधीच नव्हतं. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, हात धुतलेलं, तोंड धुतलेलं, सगळं तिथं. वर न्हाणीच्या भिंतीची सावली. झाडाला दोन्ही मानवलं. एकाची चार झाली, चाराची ओळ झाली.

सकाळी अव्वा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घेऊन पूजेला बसायची. त्यावर बेलाचं पान अन् एक कनकांबराचं फूल. मी नवी नवी होते तेव्हा म्हटलं, "अव्वा, ह्याला वास कुठंय, देवाला कशाला?" तर म्हणाली, "देवाला सर्दी हाय असं समज. मी देती, तो घेतो. तुला काय तरास?" पुढं मी विचारलं नाही.

आता तू. तू झालीस तेव्हा घरात लई आनंद. रांगलीस वेळेवर, चाललीस तर वेळेच्या आधी. पण बोलेनास. वर्ष झालं, दोन झाली. शेजारची पोरं आई, पप्पा, पाणी, भूभू म्हणायची. तू हात धरून ओढत न्यायचीस, माठ दाखवायचीस. भूक लागली की ताट आणून समोर ठेवायचीस. शहाणी एवढी की सगळं हातानं चालवायचीस, अन् तोंडातून अक्षर नाही. आम्ही आधी म्हटलं, होईल. तुझे पप्पा पण उशिरा बोललेत. मग तीन झाली, अन् 'होईल' म्हणताना एकमेकींकडं बघेनाशा झालो.

भीती वेगळीच होती. बोलत नाही हे दिसत होतं, पण ऐकू येतं का, हे कळत नव्हतं. मागून हाक मारली तर कधी वळायचीस, कधी नाही. तुझ्या आईनं तुझ्या पाठीमागं उभं राहून ताट आपटून बघितलं. तू खेळत राहिलीस. परत आपटलं. नाहीच. तुझी आई ते ताट हातात घेऊन तिथंच खाली बसली, ते मला अजून दिसतं. आपल्या भिंतीला लागून गिरणी होती, आठवते का? ती आता बंद झाली. तेव्हा दिवसभर तिची घरघर. पुढं दुकान, त्यात गिऱ्हाइकांचा कालवा, अन् त्यावर कडी म्हणजे मी. आमच्या डोक्यात हे आलंच नाही की अशा घरातल्या लेकराला एका ताटाचं काय अप्रूप.

नांदेडला कानांची तपासणी करायची ठरली. तुझ्या मोठ्या पप्पांनी तारीख घेतली, पंधरा-वीस दिवस होते मधी. ते मधले दिवस म्हणजे तो उन्हाळा. वर ऊन, खाली कुरडया-पापडाची कामं, अन् घरात सगळ्यांच्या डोक्यात तोच एक प्रश्न. पोरीला ऐकू येतं का नाही. तुझी आई दळण निवडायची तर खडे सुपातच राहायचे.

अशात शेजारच्या चंदाबाई सोऱ्या मागायला आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या, ते सांगून ठेवते. त्यांनीच पुढं, तू बोलायला लागलीस तेव्हा, तुझ्या बारशाची राहिलेली घुगरी म्हणून हसत हसत पेढे वाटले. पण त्या दिवशी न्हाणीकडं बघितलं अन् म्हणाल्या, "सुनीता, राग मानू नको. पोरगी मुकी अन् दारात अबोलीची रांग. नावातच हाय की गं बाई. कुणीबी सांगल. काढून टाक बगू आधी."

तुझ्या आईनं सोऱ्या दिला, वरून चकत्या पण दिल्या. चंदाबाई गेल्या. मग आत गेली ती खुरपं घेऊनच बाहेर आली.

मी म्हटलं, "सुनीता, येडी झालीस का? झाडाचं काय त्यात?"

"अक्का, तुम्ही मधी पडू नका. मी सगळं करून बघितलं. उपास केले, मठात जाऊन आले, पोपटाचं उष्टं फळ चारलं. मग एवढं का सोडू? झाडच हाय. परत लावता येतंय."

आईचं मन, तिला काय सांगणार. तेवढ्यात अव्वा आतून काठी टेकत आली.

"काय करतीस गं?"

"अबोली काढते, अव्वा."

"कुठली अबोली?"

"ही काय. समोरची."

अव्वानं डोळ्यावर हात धरून नीट बघितलं, पहिल्यांदाच बघतीय अशी. "हे कनकांबर हाय. माझ्या माहेरचं. आपल्या घरात अबोली न्हाईच. तुला काडायचं तर शोधून काड, पर कनकांबराला हात लावायचा न्हाई."

"अव्वा, तेच हो ते. मराठीत अबोली म्हणतात."

"मराठीचं मला काय ठाव न्हाई," अव्वा म्हणाली, अन् ओळीच्या पुढं पाय पसरून बसली. "कनकांबर म्हंजे सोन्याचं लुगडं. माझ्या नातीच्या दारात सोन्याचं लुगडं हाय. बस्स."

तुझी आई खुरपं हातात घेऊन उभी. मग तिला हसू फुटलं, अन् हसता हसता ती रडायला लागली, अन् अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून चांगली मोकळी झाली. तू तिथंच होतीस. आईचे डोळे पुसायला तू तिचाच पदर घेतलास.

आता तुला सांगते. हीच अव्वा दर सोमवारी मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या फुलवालीशी हुज्जत घालायची, ती मी माझ्या कानांनी ऐकलेली. "अबोलीची वेणी एवढी बारीक व्हय गं, उंदराच्या शेपटावानी?" अशी. तिला काय ते नाव माहीत नव्हतं होय. तिला सगळं माहीत होतं. पण सुनेशी वाद घालण्यापेक्षा आपणच अडाणी व्हायचं तिनं ठरवलं. अशी अक्कल मला अजून आलेली नाही. मी असते तर तासभर समजावत बसले असते, अन् तोवर झाडं उपटून झाली असती.

मग तो दिवस. वेळ दुपारची, जेवणं झालेली. वीज गेलेली होती. तेव्हा उन्हाळ्यात वीज रोजच जायची, तासन्‌तास यायची नाही. वीज गेली की गिरणी बंद, पंखे बंद, दुकानातलं गिऱ्हाईक उन्हामुळं बंद. उदगीरला अशी शांतता मी दुसऱ्या कुठल्या वेळेला ऐकली नाही. पत्रा तापून कधी कुरकुरायचा तेवढंच. तू न्हाणीच्या सावलीत, माझ्याकडं पाठ करून, चिकूच्या बिया एकीपुढं एक लावत बसलेली. मी आजच्यासारखीच कुरडया घालून आलेली, हातभर चीक. अबोलीवर हात धुतले. दोन दिवस तिकडं कुणी फिरकलं नव्हतं, वाळली कणसं तशीच होती झाडावर, गवताच्या रंगाची.

टक्.

एवढासा आवाज. हरभरा भाजताना एखादा फुटतो तसा, त्याहून बारीक. अन् तू वळलीस.

मला आधी वाटलं, सहज वळली. तू झाडाकडं बघत होतीस. माझ्याकडं नाही, झाडाकडं. परत टक् झालं, ओळीच्या पार त्या टोकाला, अन् तुझी मान त्या टोकाला गेली. तिसरा माझ्या पायाजवळ. मान इकडं. मी श्वास धरून उभी. तुझ्या हातात चिकूची बी तशीच, तोंड जरासं उघडं. आपण देवळात घंटा वाजायची वाट बघतो, तशी तू पुढच्या टक्‌ची वाट बघत होतीस.

मी पळत आत गेले. तुझी आई चटईवर आडवी झाली होती, तिला दंडाला धरून ओढत आणलं. "बोलू नको," मी तिला म्हटलं. मी. ती माझ्या तोंडाकडंच बघायला लागली. तिला तुझ्या पाठीमागं उभं केलं, तांब्यानं राहिलेल्या कणसांवर पाणी शिंपडलं अन् थांबलो. लगेच फुटत नाहीत गं त्या. पाणी आत मुरावं लागतं. किती वेळ गेला असेल, चुलीवर दूध वर यायला लागतो तेवढाही नसेल. पण तुझ्या आईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

टक्.

तू वळलीस. हसलीस.

तुझी आई पुढं आली. खाली बसली, तुला जवळ घेतलं, अन् तुझे कान चाचपून बघायला लागली, एक इकडचा, एक तिकडचा, जसे काही आत्ताच उगवलेत.

अव्वा आतून ओरडली, "काय झालं गं? कोण आलंय?"

"कुणी न्हाई अव्वा," मी म्हटलं, "तुमचं कनकांबर बोललं."

"मग? त्यात काय," अव्वा म्हणाली, अन् परत कुशीवर वळली.

तरी नांदेडला जायचं होतंच. मशिनीनं सांगितल्याशिवाय माणसाचा जीव खाली पडत नाही. एसटीनं निघालो, मुखेडवरून. तुझी आई खिडकीशी, तू मांडीवर, मी शेजारी सुशीला बांधून घेतलेला डबा सांभाळत. अगं सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा, बाई नव्हे. मुखेडला बाजाराचा दिवस होता, बस तिथं लई वेळ थांबली, मिरच्यांची पोती चढली, सगळी बस शिंकायला लागली. तू प्रत्येक शिंकेला वळून बघायचीस. तुझी आई माझ्याकडं बघायची. आम्ही दोघी मिरच्यांनी पाणावलेले डोळे पुसत हसत होतो. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "मावशी, काय देवाला चालल्या का लग्नाला?" तुझी आई म्हणाली, "दोन्हीकडं." तिच्या तोंडून मस्करी मी कितीतरी महिन्यांनी ऐकली.

डॉक्टरांनी तुझ्या कानाला काय काय लावलं, बघितलं, कागदावर रेघा आल्या. म्हणाले, कान शाबूत आहेत. दोन्ही. मग आम्हाला समोर बसवलं अन् विचारलं, "हिच्याशी घरात बोलतं कोण?"

तुझ्या आईनं माझ्याकडं बोट केलं.

"किती बोलता?"

मी सांगायला लागले. मी काय बोलते, सकाळी उठल्यापासून तुला कसं सगळं सांगते, हे बघ पाणी, हे बघ चिमणी, चला आता आंघोळ, तुला भूक लागली ना, लागलीच असेल, हे घे, गरम आहे, फुंकर घाल. डॉक्टर ऐकत होते. माझं संपेचना तेव्हा हात वर करून म्हणाले, "मावशी, छान बोलता. आता एक करा. एक वाक्य बोला अन् थांबा. तिला जागा ठेवा. तिनं काही मागायच्या आतच तुम्ही देता, मग ती कशाला बोलेल?"

परतीच्या बसमध्ये तुझी आई तोंडाला पदर लावून उदगीरपर्यंत हसत होती.

थांबणं. तुला सांगते शिवानी, मी तीन वेळा घर बांधताना बघितलं, दुकान सांभाळलं, दुखणी काढली, पण एक वाक्य बोलून थांबण्याएवढं अवघड काम मला दुसरं लागलं नाही. जीभ अशी वळवळायची. मग मला अबोलीच सापडली. रोज दुपारी वीज गेली की मी तुला घेऊन त्या ओळीशी बसायची. वाळलं कणीस तुझ्या हातात, तांब्या माझ्या हातात. पाणी शिंपडायचं अन् मी म्हणायची, "आता..." अन् थांबायची. थांबावंच लागायचं, शेंग काय माझं ऐकून फुटते. तू माझ्या तोंडाकडं बघायचीस, शेंगेकडं बघायचीस. टक् झालं की दोघी हसायचो. परत पाणी. "आता..." परत थांबणं. त्या झाडानं मला धरून बसवलं, नाहीतर मी मधेच 'फुटली बघ, बी बघ कुठं गेलं' असं दहा वाक्यांनी भरून टाकलं असतं.

किती दिवस असं चाललं ते मला नाही सांगता येणार. कुरडया वाळून डब्यात गेल्या होत्या, बाजरीच्या खारोड्या घालायच्या होत्या, अन् अव्वानं लोणच्याच्या कैऱ्या फोडायला काढल्या होत्या, एवढं आठवतं. त्या दुपारी मी पाणी शिंपडलं अन् मला खोकल्याची ढास लागली. 'आता' म्हणायचं राहूनच गेलं. मी पदरात तोंड घालून खोकतेय, अन् शेजारून आवाज आला.

"आता."

स्पष्ट. बोबडं नाही, अर्धं नाही. मी खोकला तसाच गिळला. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. बोट वर करून, कणसाकडं बघत बसली होतीस, मी बसते तशी. मग शेंग फुटली. तू मान हलवलीस, काम झालं म्हणून.

अव्वा कैऱ्यांच्या ढिगाआडून सगळं बघत होती. विळी बाजूला सारली, हात पुसले, अन् न्हाणीकडं येऊन ओळीतलं एक फूल तोडून तुझ्या केसात खोचलं. त्या केसात ते टिकेना, एवढेसे केस. ती परत परत खोचत राहिली.

लोकांची लेकरं 'आई' म्हणून सुरू होतात. तुझ्या आईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पाच-सहा दिवसांनी 'पाणी' आलं, मग 'दे', मग पावसाळ्यात कधीतरी 'आई'. तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटी होती, मला येऊन सांगितलं नाही तिनं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. एक दिवस तिला ते एकटीलाच ठेवायचं होतं. मी समजले.

तू काही मोठी बडबडी झाली नाहीस. आपल्या घरात ती जागा भरलेली होती. पण जे बोललीस ते नेमकं, अन् बोललेलं पाळलंस. वेणीसारखं, आजचं उद्याला तसंच. म्हणून फोनवर तू चार शब्द बोललीस की मी वरवर रागावते, अन् मग ते चार शब्द दिवसभर पुरवते. हे तुला सांगणार नव्हते, पण आता लिहिता लिहिता निघूनच गेलं.

अव्वा आता नाही. तिची काठी दाराआड आहे. कनकांबराची ओळ मात्र न्हाणीपासून पार मागच्या भिंतीपर्यंत गेलीय. आपण लावली नाही, बिया उडून उडून तिची तीच सरकली. चंदाबाईंच्या अंगणात पण दोन झाडं निघालीत, त्यांनी काढली नाहीत. परवा मला म्हणाल्या, "तुमच्या कनकांबराला बहर लई आलाय औंदा." मी काही बोलले नाही. बघ, मलाही थांबता येतं.

कधी कधी सकाळी मी अव्वाच्या जागी बसते. पूजा मला तिच्यासारखी जमत नाही, मंत्र मधेच विसरते. मग एक फूल ठेवते अन् नुसती नावं घेते. अव्वाचं घेते, डॉक्टरांचं नाव विसरले म्हणून नुसतं डॉक्टर म्हणते. गेलेल्या विजेचं पण घेते, हसू नको. तिनं त्या दुपारी गिरणी बंद ठेवली नसती तर? मागायचं काही सुचत नाही अलीकडं. मिळालेलं मोजायला बसलं की चहा गार होतो.

आज ते टक् ऐकलं अन् मग मी काय केलं सांगू? हात धुवायचं पाणी बंद केलं. तुझ्या आईला ओरडून सांगितलं, इकडं कुणी पाणी टाकायचं नाही. आता आम्ही दोघी दुसऱ्या कडेला हात धुणार, अन् मुळाशी तेवढं वाटीनं हळू घालणार, कणसाला थेंब लागू देणार नाही. भिंतीलगतची सगळी कणसं वाळून खडखडीत झालीत. एवढी मी कधी राखली नव्हती. सगळी तुझ्यासाठी ठेवलीत. तुझ्या आईनं वरून जुनं प्लास्टिक बांधलंय, कुरडयांवर बांधावं तसं.

पण आभाळाचं काही खरं नाही गं. दोन-तीन दिवसांपासून दुपारून भालकीच्या अंगाला ढग जमतात, वारं सुटतं, आत्ताही प्लास्टिक फडफडतंय. एक वळवाची सर आली तर सगळ्या शेंगा एका दुपारीत फुटतील, अन् ऐकायला मी एकटी. परीक्षा झाली की होस्टेलात रेंगाळू नको. मैत्रिणी, फिरणं, सगळं नंतर. सकाळची मुखेडची बस धर. मी दुपारी तांब्या भरून न्हाणीमागं बसते. पाणी मी शिंपडीन, बोलणार मी काही नाही.

'आता' तू येऊन म्हण.